माझ्याआधी बरी झालेली

आमची ओळख झाली ती नगरच्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर एक बाई नाक चिमटीत धरून, गाल फुगवून, तोंड लालबुंद करून बसली होती. शेजारचे लोक सरकून बसले होते. तिचा नवरा कानकोंडा होऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. ती काय करते आहे, हे त्या खोलीत बहुतेक मला एकटीलाच कळलं. शाळेच्या बाथरूमला आतून कडी लावून मी स्वतः तेच करत असे.

मी जवळ जाऊन म्हणाले, "अजून जरा जोर लावा. आणि मग एकदम आडव्या व्हा, पाय वर घ्या."

तिनं इकडेतिकडे न बघता बाकावरच अंग टाकलं आणि दोन्ही पाय नवऱ्याच्या खांद्याला टेकवले. क्षणभर डोळे मिटून पडली आणि मग ओरडली, "थांबलं! अवो, थांबलं की!"

नवरा तिची साडी सारखी करत होता. ती उठून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी डाक्टर हाय का?"

"नाही. मी शाळेत हिंदी शिकवते. मलाही हेच आहे."

"व्हय?" असं ती इतक्या आनंदानं म्हणाली की मला हसू आलं. इतकी वर्षं हे दुखणं घेऊन फिरत होते, पण ते मला आहे याचा आनंद कुणाला झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हे दुखणं असं की ते सांगावं तर लोकांना पटत नाही. बटण दाबावं तसे हृदयाचे ठोके एकदम पळायला लागतात. मनगटावर बोट ठेवलं तर मोजता येत नाहीत, नुसती थरथर लागते. गळ्यातली शीर उडते, हातपाय गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि मग सुरू झालं तसंच एकदम थांबतं. दवाखान्यात पोचून ईसीजीच्या तारा लावेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. मला कुणी ॲसिडिटी सांगितली, कुणी टेन्शन, कुणी पाळी जायचं वय. माझे यजमान नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पार्ट तपासायच्या विभागात आहेत. मोजमापात सापडत नाही ते खरं मानायची त्यांना सवय नाही. ते मला खोटं कधी म्हणाले नाहीत, पण "जरा पड, बरं वाटेल" यापुढेही जात नव्हते.

एकदा रविवारी चर्चमध्ये, गाण्याच्या मधोमध ते सुरू झालं आणि थांबलंच नाही. मी क्वायरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, म्हणायची, पहिल्या रांगेत. तशीच खाली बसले. रिक्षातून दवाखान्यात नेलं तरी पळतच होतं आणि या वेळी ते कागदावर सापडलं. तिथं शिरेतून एक इंजेक्शन दिलं. ते आत गेलं की हृदय क्षणभर थांबतं आणि मग नीट चालायला लागतं. तो क्षण कसा असतो हे मला यजमानांनाही सांगता आलं नव्हतं.

बाकावर बसल्या बसल्या त्या बाईनं तेच विचारलं. "म्याडम, तुमाला त्ये इंजेक्शन दिलं हुतं? छातीवर कुनी बसल्यावानी झालं?"

"झालं."

"आता मेलेच, असं वाटलं?"

"अगदी."

"मंग झालं! मला वाटलं मलाच," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन बसली.

ती तिसगावची. नवऱ्याचा टेम्पो होता आणि ती बाजारात भेळेचा गाडा लावायची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्या दिवशी आम्ही फोन नंबर घेतले आणि मग रोजचं बोलणं सुरू झालं. कुणाला केव्हा झालं, किती वेळ टिकलं, काय केल्यावर थांबलं. मी गार पाण्यात तोंड बुडवायला सांगायची, ती मला लिंबू चोखायला सांगायची. लिंबानं काही होत नव्हतं, पण मी चोखायची.

तेव्हाही थोडं खुपायचं मला, नाही असं नाही. मी चर्चमधलं गाणं सोडलं होतं, स्कूटर सोडली होती, शाळेच्या वरच्या मजल्यावरचा वर्ग मागून खाली घेतला होता. आणि ही बाई गाड्यामागं पोत्यावर बसून श्वास कोंडायची, ठोके थांबले की उठून कांदा चिरायची. "गिऱ्हाईक थोडंच थांबतंय म्याडम," म्हणायची. तिचं दुखणं माझ्याएवढंच होतं, पण तिला ते माझ्यापेक्षा हलकं जात होतं. का, हे मला समजत नसे.

नगरच्या डॉक्टरांनी दोघींना एकच सांगितलं. गोळ्यांनी दाबता येईल, पण मुळापासून घालवायचं तर ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत सरकवायच्या, ठोका कुठल्या चुकीच्या वाटेनं फिरतोय ते शोधायचं आणि तारेच्या टोकाला उष्णता देऊन ती वाट जाळून बंद करायची. छाती उघडायची नाही, टाके नाहीत. ठोक्यांच्या आजारांचे एक तज्ज्ञ महिन्यातून एखादा दिवस पुण्याहून तिथं येत. तिनं लगेच सांगून टाकलं, "म्याडमचा असंल त्या दिवशी माझा घ्या. एकटीला मला भ्या वाटतं."

म्हणून आमचा दोघींचा दिवस एकच ठरला. माझं वय जास्त, म्हणून आधी मला घेतील असं मी धरून चालले होते. सिस्टरनं तिचं नाव पुकारलं. ती जाताना म्हणाली, "बघून येते कसं असतंय, मंग तुमाला सांगते."

तासाभरात ती परत आली. स्ट्रेचरवरूनच मला हात केला. "झालं बी! जरा गरम लागलं छातीत, आन् डाक्टर म्हनले, झालं. मला वाटलं अजून चालूच करायचंय."

मी आत गेले तेव्हा मनात भीती नव्हती. तिच्यासारखंच होणार हे मी धरलं होतं. कॅथलॅबमध्ये थंडी होती. हिरव्या कापडाखाली मी जागी होते. त्यांनी तारांमधून बारीक धक्के देऊन ठोके पळवले. पळाले. मग डॉक्टर आणि मशीनजवळचा तंत्रज्ञ इंग्रजीत बोलायला लागले. पुन्हा पळवले, पुन्हा थांबवले. माझी पाठ दुखायला लागली, मग बधिर झाली. तासाभराची वेळ केव्हाच उलटून गेल्याचं मला तिथल्या माणसांच्या हालचालींवरून कळत होतं. कुणीतरी जेवून आलं, कुणीतरी पाळी बदलून गेलं.

शेवटी डॉक्टर माझ्या डोक्याशी आले. मास्क खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, मी आज थांबतोय. तुमचा प्रकार वेगळा निघाला. त्या ताईंना हृदयात एक जादा वाट होती. ती कुठे असते हे आम्हाला ठाऊक असतं. तुमच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात एखादा छोटासा ठिपका आहे, तो मध्येच स्वतःचेच ठोके सोडतो. तो साधारण कुठल्या बाजूला आहे ते मी सांगू शकतो, नेमका कुठे ते या तारांनी कळत नाही. अंदाजानं जाळणं बरोबर नाही. तुम्ही पुण्याला या. तिथे नकाशा काढायचं मशीन आहे. आतून सगळं हृदय बिंदूबिंदूनं तपासून आपण तो ठिपका शोधू."

ते सगळं खरं होतं आणि त्यांनी ते नीट समजावून सांगितलं होतं. मला त्यातलं एकच ऐकू आलं. तिचं झालं, माझं नाही.

वॉर्डात तिची खाट माझ्या शेजारीच होती. दोघींनाही पाय न हलवता उताणं पडायचं होतं. तिचा नवरा तिला बिस्किट चहात बुडवून भरवत होता. ती मान वळवून म्हणाली, "झालं ना म्याडम? लई वेळ लावला तुमाला."

मी डोळे मिटून घेतले. यजमानांनी तिला हळू आवाजात सांगितलं. त्यानंतर तिनं बिस्किट खायचं थांबवलं आणि तिचं ते जपून वागणंही मला सहन होईना.

पुण्याला लगेच जायला हवं होतं. मी गेले नाही. शाळेच्या परीक्षा आल्या, मग लग्नसराई आली, मग मला पुन्हा त्या टेबलावर पडायचं बळ राहिलं नाही. गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी ठोके कमी पळायचे, पण मीही सगळी मंद झाले. जिना चढताना पाय शिशाचे व्हायचे. फळ्यावर अर्ध्या ओळीत शब्द सुचेनासा व्हायचा.

आणि तिकडं ती. नवरात्रात मोहट्याच्या देवीचा गड अनवाणी चढून गेली आणि वरून मला व्हिडिओ पाठवला. घामानं डबडबलेली, केस मोकळे, मागे माणसांची रीघ. "म्याडम, एकदा बी बसले न्हाई!" यजमानांनी तो दोनदा लावला. "काय धीराची बाई आहे बघ," म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच पोळपाट धुवायला घेतला. धीर? तिनं काय केलं होतं धीराचं? तिच्या हृदयात वाट नेहमीच्या ठिकाणी निघाली, माझ्यात ठिपका आडजागी निघाला, एवढाच तर फरक होता. त्याला ते धीर म्हणत होते. मग माझ्यात काय, धीर नव्हता?

नाताळ जवळ आला. क्वायरमध्ये माझ्या जागी एक तरुण मुलगी घेतली होती. आवाज गोड होता तिचा, हे सगळ्यांनी मला आवर्जून सांगितलं. तिचाही राग आला, पण तो चर्चमधून घरी येईपर्यंत ओसरायचा. तिसगावच्या बाईचा ओसरत नव्हता, कारण ती माझ्याच बाकावरून उठून गेली होती. जे निरोगीच असतात त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण कालपर्यंत माझ्याबरोबर नाक धरून बसणारी बाई आज गड चढते, हे मला गिळता येत नव्हतं.

फोन तिचेच यायचे. मी एकेक शब्दात बोलायची. एकच प्रश्न मी न चुकता विचारायची, "तुला परत नाही ना झालं?"

"न्हाई म्याडम. एकदा बी न्हाई."

थोड्या लोकांत हे पुन्हा उलटू शकतं असं डॉक्टर आम्हा दोघींना बोलले होते. ते वाक्य मी मनात कुठंतरी जपून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी ती "न्हाई" म्हणाली की मी "छान" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी तशीच समोर घेऊन बसायची. हळूहळू मी तिचे फोन उचलणं कमी केलं. शाळेत होते, झोपले होते, रेंज नव्हती. मग तिचेही कमी झाले.

उन्हाळ्यात वर्गात कबीराचे दोहे शिकवत असताना माझे ठोके पळाले आणि मी फळ्याला धरून खाली घसरले. मुली घाबरून रडायला लागल्या. त्या संध्याकाळी यजमानांनी पुण्याची वेळ घेऊनच मला सांगितलं. मी एवढंच म्हणाले, "तिसगावला कळवू नका."

त्यांनी कळवलं. त्यांना ती आवडायची आणि माझं काय बिनसलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पुण्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात सकाळी मी गाऊन घालून, हाताला सलाईनची सुई घेऊन बसले होते, तेव्हा ती दारातून आत आली. एसटीनं आली होती, हातात कापडात बांधलेला डबा. आधीपेक्षा भरली होती, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती.

"बाजरीची भाकर हाय, शेंगदान्याची चटनी हाय," ती म्हणाली.

"मला उपाशी ठेवलंय."

"मंग सायेब खातील." तिनं डबा यजमानांच्या हातात दिला आणि माझ्या पायाशी खाटेवर बसली. माझ्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "भिऊ नका म्याडम. काय न्हाई हुत. मला तर कळलं बी न्हाई."

"तुला काय जातंय बोलायला?" मी म्हणाले. "तुझं तासाभरात झालं."

तिनं हात काढून घेतला. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

आत डॉक्टर तेच होते, खोली मात्र वेगळी. माझ्या पाठीवर आणि छातीवर मोठाली चिकट पॅडं लावली. समोर पडद्यांची रांग होती आणि मान जराशी कलती केली की त्यातला एक मला दिसत होता. डॉक्टरांनी सांगितलं, "या तारेचं टोक आत कुठे आहे ते मशीनला सतत कळत राहतं. मी आतल्या भिंतीला एकेका जागी टोक लावत जाणार. प्रत्येक जागी ठोका कधी पोचला ते मशीन टिपणार आणि रंग भरणार. जिथे सगळ्यात उशिरा पोचला ती जागा जांभळी. सगळ्यात आधी पोचला ती लाल. ठोका जिथून निघतो तिथे तो सगळ्यात आधी, म्हणून आपल्याला लाल हवंय. पण त्यासाठी तुमचे ठोके पळत राहिले पाहिजेत, म्हणून जास्त झोपेचं औषध देणार नाही."

सलाईनमधून एक औषध सोडलं. छातीत आधी नुसतीच धडधड झाली आणि मग तो ओळखीचा झटका बसून ठोके पळायला लागले.

"आले," मी म्हणाले.

"छान! राहू देत," डॉक्टर म्हणाले. माझ्या या ठोक्यांना छान म्हणणारा तो पहिला माणूस.

पडद्यावर आधी राखाडी रंगाचं काहीतरी फुग्यासारखं होतं. टोक फिरेल तसे त्यावर ठिपके उमटत गेले आणि ठिपक्यांच्या मधे रंग पसरत गेले. जांभळा, निळा, मग हिरवा. माझा श्वास लागत होता, तोंड कोरडं पडलं होतं आणि मी त्या हिरव्याकडे बघत होते. मग एका बाजूला पिवळा आला आणि त्याच्या पलीकडे लाल. लाल दिसल्यावर वाटलं, सुटले.

डॉक्टर थांबले. तंत्रज्ञानं चित्र फिरवून दुसऱ्या बाजूनं दाखवलं. दोघं काही वेळ हळू बोलले.

"सापडलंय," डॉक्टर मला म्हणाले. "पण ही जागा अडचणीची आहे. हृदयाची स्वतःची मुख्य तार, जिच्यातून रोजचा ठोका खाली जातो, ती अगदी शेजारून जाते. इथे जाळताना तिला धक्का लागला तर तुम्हाला कायमचा पेसमेकर लागेल. मी इथून जाळणार नाही. भिंतीच्या पलीकडून बघू."

मी "बरं" म्हणाले. छताकडे बघत मला एकच वाटत होतं, तिला यातलं काही नव्हतं. तिला ना नकाशा लागला, ना पलीकडून जावं लागलं. जरा गरम लागलं आणि झालं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि हात कापडाखाली बांधलेले असल्यामुळे पुसता येईना. सिस्टरनं पुसलं. तिला वाटलं मी घाबरलेय.

मग त्यांनी जांघेतल्या धमनीतून दुसरी तार वर नेली, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी. तिथं पुन्हा बिंदू, पुन्हा रंग. इथला लाल आधीच्याहून लवकरचा निघाला. म्हणजे ठिपका इकडूनच जवळ होता आणि मुख्य तार भिंतीच्या पलीकडे सुरक्षित राहत होती. डॉक्टर म्हणाले, "आता हलू नका. खोल श्वास नको."

छातीच्या मधोमध ऊब आली, मग गळ्याकडे चढणारी कढत कळ. ठोके अजून जोरात पळाले. आणि पळता पळताच, एका ठोक्यानंतर, थांबले. मशीनची टिकटिक सावकाश झाली. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "हं."

त्यानंतर त्यांनी बराच वेळ पुन्हा पळवायचा प्रयत्न केला. औषध वाढवलं, धक्के दिले. ठोके वाढायचे आणि शहाण्यासारखे खाली यायचे. मी प्रत्येक वेळी तो झटका येईल म्हणून अंग आवळून घ्यायची. आला नाही.

वॉर्डात आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय हलवायचा नव्हता, मांडीवर वाळूची पिशवी होती. यजमान औषधं आणायला खाली गेले. ती स्टुलावर बसून होती. दिवसभर गेलीच नव्हती. तिच्या हातात रिपोर्टबरोबर दिलेला रंगीत कागद होता.

"हे तुमचं व्हय?" तिनं विचारलं.

"माझं."

ती बराच वेळ बघत राहिली. बोटानं लाल जागा दाखवून म्हणाली, "हितं हुतं?"

"तिथंच."

"मला असलं काय दिलं न्हाई. मला नुसता कागुद दिला, त्याच्यावर लिवलेलं." मग कागद माझ्या उशाशी ठेवत म्हणाली, "माझ्याकडं हे असतं तर सासूला दावलं असतं. घरी गेले तर म्हनल्या, तासाभरात बरं झालं म्हंजी काय दुखनं हुतं का त्ये? सोंगच हुतं. नवरा बी हसला. आता दोन गाडे हायेत, म्याडम. एक तिसगावला, एक पाथर्डीला. दोनी मीच बघते. बरी झालेय ना मी."



"आन् तुमी फोन बंद केला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे बघत होती. "मला तुमचा लई राग आला हुता. मनात यायचं, म्याडमचं बरंय. त्यांना सायेब इचारतेत, डाक्टर इचारतेत, शाळंतल्या पोरी इचारतेत. मला आता कुनी इचारत न्हाई, कशी हायेस म्हनून. एकदा तर वाटलं, येऊ दे बाई परत एकदा. म्हंजी म्याडमला फोन तरी करता यील."

"असं काय बोलतेस?"

"का? तुमाला न्हवतं वाटत, मला परत व्हावं म्हनून?"

मी मान दुसरीकडे वळवली.

"मला कळायचं की फोनवर. 'परत नाही ना झालं,' तुमी इचारायच्या. न्हाई म्हनलं की तुमचा आवाज पडायचा."

खरं बोलल्याशिवाय त्या खाटेवर पडून राहणं शक्य नव्हतं आणि उठून जाताही येत नव्हतं. "हो," मी म्हणाले. "वाटायचं."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग तशीच. मलाही हसू यायला लागलं, पण हसलं की मांडीतून कळ यायची. "हसवू नकोस गं, पाय हलतोय," असं मी म्हणतेय आणि ती अजूनच हसतेय. सिस्टर येऊन दोघींना रागावून गेली.

त्या दिवसानंतर मला ते पुन्हा झालेलं नाही. गोळ्या बंद झाल्या. क्वायरमध्ये मला परत घेतलं, पण दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत ती मुलगीच आहे आणि खरंच चांगली म्हणते. मी तिच्या मानेमागून गाते आणि दर रविवारी मला थोडं टोचतं. बरं झाल्यावर हेही जाईल असं वाटलं होतं, गेलेलं नाही.

पावसाळा संपता संपता मी आणि यजमान तिसगावला गेलो. तिच्या-माझ्या ओळखीला एवढे दिवस झाले, पण तिचं घर मी पाहिलं नव्हतं. सासू ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं सासूला सांगितलं, "ह्या म्याडम. माझंच दुखनं ह्यांना बी हुतं. पुन्याला जावं लागलं. हृदयाचा रंगीत नकाशा काढला मशीनवर, तवा कुठं सापडलं."

सासूनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मास्तरीण, नगरची, चष्मेवाली. शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजी हिचं बी खरंच हुतं?"

"खरं होतं," मी म्हणाले. "कधीकधी यानं माणूस चालता चालता कोसळतं. मी कोसळलेय."

म्हातारी उठून आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला आणि ती स्वतः चहाचे कप घेऊन बाहेर आली. सुनेच्या हातात पहिला कप दिला, मग मला.

चहा झाल्यावर आम्ही बाजारात गेलो. गाड्याभोवती गर्दी होती. तिनं पदर खोचला आणि एका हातानं चुरमुरे, दुसऱ्या हातानं चटणी, तोंडानं तिघांशी बोलणं असं सुरू केलं. प्रत्येकाला ती ओळखत होती, प्रत्येकाला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. मी स्टुलावर बसून बघत होते. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण रस्त्यात असं थांबून मला कुणी हाक मारत नाही. तेवढ्यात तिनं माझ्यापुढं कांद्याची पाटी सरकवली.

"बसल्या काय म्याडम, चिरा की," ती म्हणाली. मी सुरी हातात घेतली.